विरोधक आणि दुष्ट : नातीच्या वहीतला एक प्रश्न



सुक्कोथ आटोपल्यावर आम्ही उभयता अश्दोदहून मुलीकडे राहायला गेलो होतो. ती आयर्लंडमध्ये पोर्टलीश या गावी असते. डब्लिनपासून नैऋत्येला साधारण 85 किलोमीटरवर हे गाव आहे. आयर्लंडमध्ये पोर्टलीशचे नाव काढले की लोकांना तिथला मोठा तुरुंग आठवतो. गावातला एक जुना तुरुंग मात्र आता तुरुंग राहिलेला नाही. 1999 पासून त्या इमारतीत नाट्यगृह आहे. जिथे पूर्वी खरे कैदी ठेवीत, तिथे आता नटमंडळी खोटे खुनी आणि खोटे राजे होऊन रंगमंचावर येतात. मुलीने हे सांगितले तेव्हा आम्ही हसलो. पण या लेखाचा विषय त्याच्याच जवळचा निघाला.

आमची नात चौथीत आहे. एके दिवशी ती शाळेतून वही घेऊन आली. पानाचे मधोमध रेघ मारून दोन भाग केले होते. एका बाजूला नायक लिहायचे, दुसऱ्या बाजूला खलनायक. गोष्ट होती आयर्लंडची जुनी वीरकथा, 'तॉइन'. कू खुलिन हा तिचा वीर. त्याचे नाव तिने नायकाच्या बाजूला लिहिले. राणी मेव्हचे नाव दुसऱ्या बाजूला लिहिले. फर्दियाच्या नावापाशी पेन्सिल थांबली.

"आजोबा, फर्दिया कू खुलिनशी लढला. म्हणजे तो वाईट ना?" तिने विचारले. आम्ही उत्तर द्यायच्या आतच तिने पुढे विचारले, "मग तो मेल्यावर कू खुलिन रडला का?"

आमच्यापाशी चटकन उत्तर नव्हते. गोष्टी सांगण्यात आमचे आयुष्य गेले, शब्बाथच्या संध्याकाळी मुलांना जमवून आम्ही तोरातल्या कथा सांगत आलो, तरी या प्रश्नावर आम्ही अडलो. म्हणून तो प्रश्न वाचकांपुढे ठेवतो.

आधी ती गोष्ट थोडक्यात सांगतो. राणी मेव्ह आणि तिचा नवरा यांच्यात कोणाची संपत्ती जास्त यावरून बोलणे झाले. मोजदाद केली तेव्हा सगळे बरोबरीचे निघाले, फक्त नवऱ्याकडे एक उमदा पांढऱ्या शिंगांचा बैल जास्त होता. तसाच एक नामी बैल उत्तरेत अल्स्टर प्रांतात होता. मेव्हने तो एक वर्षासाठी उसना मागितला, मोबदलाही मोठा देऊ केला. तिच्या दूतांनी दारू पिऊन बढाई मारली आणि बोलणे फिसकटले. मग मेव्ह सैन्य घेऊन निघाली. अल्स्टरचे बाकी सगळे वीर एका शापामुळे अंथरुणाला खिळले होते. एकटा कू खुलिन नदीच्या उतारावर उभा राहिला आणि एकेका वीराला अडवू लागला.

शेवटी मेव्हने फर्दियाला बोलावले. फर्दिया आणि कू खुलिन एकाच गुरूकडे शस्त्रविद्या शिकलेले, भावासारखे वाढलेले. फर्दिया यायला तयार नव्हता. मेव्हने त्याला जमीन आणि आपली मुलगी देऊ केली, आणि आला नाहीस तर भाट गावोगावी तुझी निंदा गातील अशी भीतीही घातली. तो आला. दोघे नदीच्या उतारावर दिवसभर लढत. संध्याकाळी मात्र एकमेकांना मिठी मारत. दोघांचे घोडे एकाच कुरणात बांधत आणि दोघांचे सारथी एकाच शेकोटीपाशी बसत. जखमांवर लावायला मिळालेल्या वनस्पतींतला अर्धा वाटा कू खुलिन फर्दियाकडे पाठवी. फर्दिया आपल्या जेवणातला वाटा त्याच्याकडे पाठवी. चौथ्या दिवशी फर्दिया पडला. कू खुलिनने त्याचे शरीर उचलून नदीच्या आपल्या बाजूला नेले आणि आक्रोश केला. तिथल्या गावाचे नाव आजही फर्दियाच्या उतारावरूनच पडलेले आहे. इंग्रजीत त्याला आर्डी म्हणतात.

ही लढाई सर्वात विस्ताराने ज्या हस्तलिखितात आहे, ते बाराव्या शतकातले 'लेन्स्टरचा ग्रंथ' हे पुस्तक. आज ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. पण त्याचे जुने नाव पोर्टलीशपासून दहाएक किलोमीटरवरच्या ओकावल या ठिकाणावरून पडलेले आहे, कारण ते पुष्कळ काळ तिथे होते. आम्ही एका रविवारी ओकावलच्या रानात फिरून आलो. वाटेत डुनामेस नावाचा खडक लागतो. त्यावर पडक्या किल्ल्याच्या भिंती आहेत. लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याने आपल्या मुलीच्या लग्नात हा किल्ला नॉर्मन जावयाला दिला, असे सांगतात. या डर्मटने 1166 साली राज्य गमावले आणि ते परत मिळवायला समुद्रापलीकडून नॉर्मन लोकांना आणले. आयर्लंडच्या इतिहासात परकीयांना घरात घेणारा म्हणून त्याचे नाव आजही लोक रागाने घेतात. पण त्याच 'लेन्स्टरच्या ग्रंथा'त, डर्मटला हाकलले त्या वेळी कोणीतरी पानावर शोक लिहून ठेवला आहे. लिहिणाऱ्याला तो खलनायक नव्हता, आपला राजा होता. एका घरात ज्याचे नाव शिवीसारखे घेतात, त्याच्यासाठी दुसऱ्या घरात कोणी डोळे पुसत असते.

आता आमचे म्हणणे मांडतो. गोष्टीत विरोधक ही एक जागा असते. नायक ज्या वाटेने जातो त्या वाटेवर जो आडवा उभा आहे, तो विरोधक. तो चांगला असेल किंवा वाईट असेल. दुष्टपणा ही जागा नाही. तो माणसाच्या मनाचा आणि करणीचा गुण आहे. एकीकडे आपण विचारतो, हा कोणाच्या वाटेत उभा आहे? दुसरीकडे विचारतो, हा माणूस कसा आहे, त्याने काय केले? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. नातीच्या वहीतल्या रेघेने दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर मागितले होते, म्हणून ती अडली.

आपल्या पवित्र भाषेत ही गोष्ट फार पूर्वीपासून आहे. 'सातान' हा शब्द घ्या. आज आपण तो ऐकला की सैतान समजतो. पण तोरात बिल्आम गाढवीवर बसून निघाला तेव्हा देवाचा दूत तलवार उपसून वाटेत उभा राहिला, आणि तिथे त्या दूताच्या उभे राहण्याला 'सातान' हाच शब्द आहे. म्हणजे अडवणारा. देवाचा दूत बिल्आमचा विरोधक झाला, आणि त्याच्या भल्यासाठी झाला. गाढवीला ते दिसले, बिल्आमला दिसले नाही. दुष्टासाठी आपल्याकडे 'राशा' हा वेगळा शब्द आहे.

एस्तेरच्या मगिल्लात तर हे अधिक स्पष्ट दिसते. राजा विचारतो, हे करणारा कोण? तेव्हा एस्तेर हामानाला तीन शब्द लावते. तो 'त्सार' आहे, म्हणजे छळणारा. 'ओयेव' आहे, म्हणजे वैरी. आणि मग तिसरा शब्द, 'रा', म्हणजे दुष्ट. वैरी म्हटल्याने तिचे काम भागले असते तर तिने तिसरा शब्द लावला नसता. प्रत्येक वैरी दुष्ट नसतो, पण हामान आहे, हे तिला राजाला सांगायचे होते.

आपल्या मराठी कीर्तनांचीही आठवण येथे होते. 1880 च्या सुमारास मुंबईत आपल्या लोकांनी, बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्यांनी, शेजारच्या हरिकीर्तनाची रीत घेऊन आपल्या पूर्वजांची आख्याने मराठीत गायला सुरुवात केली. साकी, दिंडी, ओवी, सगळे तिथलेच. कथा मात्र अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या. आम्ही लहानपणी रेवदंड्याला याकोबाचे आख्यान ऐकले होते. बुवा एसावाचे रडणे गात तेव्हा बायका पदराने डोळे पुसत. आशीर्वाद आपल्या याकोबाला मिळाला, आपण सगळे याकोबाची लेकरे, तरी रडू एसावासाठी येई. एसाव विरोधक होता. भावाला मारायचे त्याने मनात ठरवले होते. पण त्याचे दुःख खरे होते आणि त्याला फसवले गेले होते. पुढे चारशे माणसे घेऊन तो सामोरा आला तेव्हा याकोब भ्याला, आणि एसावाने धावत येऊन त्याला मिठी मारली. बापाला दोघांनी मिळून मूठमाती दिली. एसावाला आधीच दुष्ट ठरवले असते तर ही मिठी गोष्टीत कुठून येणार? म्हणूनच एदोमी माणसाचा तिटकारा करू नकोस, तो तुझा भाऊ आहे, अशी तोराची आज्ञा आहे.

अमालेकाबद्दल मात्र तशी आज्ञा नाही. शब्बाथ झाखोरला आपण दर वर्षी ऐकतो की अमालेकाने काय केले. मिसरातून निघालेल्या दमल्याभागल्या लोकांपैकी जे मागे पडले होते, म्हातारे, आजारी, लेकुरवाळे, त्यांच्यावर त्याने घाला घातला. हे लोक त्याच्या वाटेत आडवे नव्हते. आम्हाला वाटते, दुष्टपणा ओळखायची खूण इथे सापडते. विरोधक आपल्या वाटेत असलेल्याशी भिडतो, आणि बहुधा समोरून भिडतो. दुष्ट त्याच्या वाटेत नसलेल्या दुबळ्यालाही शोधून मारतो. हामानाला राग एकट्या मर्दखयाचा होता, कारण तो त्याच्यापुढे वाकत नव्हता. पण एका माणसावर हात टाकणे त्याला कमीपणाचे वाटले. त्याने तान्ह्या मुलांसकट सगळ्या यहुद्यांना एका दिवसात मारायचे ठरवले आणि त्यासाठी राजाला दहा हजार किक्कार चांदी देऊ केली. फर्दियाने संध्याकाळी आपले अन्न वाटून दिले आणि हामानाने दुसऱ्यांची लेकरे मारायला पैसे मोजले. दोघांना वहीच्या एकाच बाजूला लिहिणे अन्यायाचे होईल.

पण गोष्ट इतकी सरळ नाही, हे शौल राजाकडे पाहिले की कळते. शौल दाविदाचा विरोधक. त्याने भाला फेकला, रानोमाळ पाठलाग केला. तरी वाचताना आपल्याला त्याची दया येते. राज्य हातातून निसटत चाललेला, रात्री झोप न येणारा, दाविदाची वीणा ऐकून शांत होणारा माणूस तो. परंतु नोब गावी त्याने काय केले ते विसरता येत नाही. दाविदाला भाकर दिली एवढ्यावरून त्याने 85 कोहनीम मारवले आणि गावातली बायकामुलेही सोडली नाहीत. त्याच्या स्वतःच्या शिपायांनी कोहनीमवर हात उचलायला नकार दिला. त्या दिवशी शौल विरोधक राहिला नाही. म्हणजे दोहोंमधली रेघ माणसामाणसांतच असते असे नाही, ती एकाच माणसाच्या आयुष्यातूनही जाते. आणि तरी तो गिल्बोआवर पडला तेव्हा दाविदाने त्याच्यासाठी शोक केला.

खुद्द दाविदाचे काय? उरीयाला त्याने लढाईत पुढे घालून मारवले. त्या गोष्टीत दाविदाच्या समोर उभा राहतो तो नाथान हन्नाबी. विरोधक नाथान आहे, आणि दुष्ट कृत्य आपल्या लाडक्या राजाचे आहे. नाथानाने काय केले? एक गोष्ट सांगितली. गरिबाची एकुलती एक कोकरी श्रीमंताने घेतली अशी ती गोष्ट. दाविद संतापला, आणि मग नाथानाने त्याला सांगितले की तो माणूस तूच. विरोधकाला दुष्ट समजून हाकलून देणाऱ्या राजाला ही गोष्ट कधीच ऐकू आली नसती.

शेजारच्या घरांतली कथा आठवायची तर कर्ण आहे. दुर्योधनाच्या उपकाराला बांधलेला, सख्ख्या भावांशी लढणारा. फर्दियाची गोष्ट ऐकताना आम्हाला पहिल्यांदा तोच आठवला. शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' 1967 साली आले आणि आमच्या पिढीने ते रात्री जागून वाचले. त्यातून आम्ही एक शिकलो, की समोरच्या बाजूच्या माणसालाही आई असते, अपमान असतो, वचन असते. पण द्रौपदीची भर सभेत विटंबना झाली तेव्हा कर्ण काय बोलला, हेही आम्ही विसरलो नाही. दुःख समजले म्हणून बोललेले शब्द परत येत नाहीत.

हे सांगायचे कारण असे की आता वारे उलट दिशेने वाहते आहे. नातीबरोबर आम्ही 'मॅलेफिसंट' हा 2014 चा चित्रपट पाहिला. झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीतली चेटकीण त्यात दुखावलेली बिचारी दाखवली आहे. चित्रपट चांगला आहे. पण हल्ली प्रत्येक दुष्टाला असेच एक दुःखी बालपण चिकटवतात आणि मग कोणी दुष्ट उरतच नाही. आम्हाला हे पटत नाही. सगळ्या विरोधकांना दुष्ट म्हणणे ही एक चूक, आणि सगळ्या दुष्टांना नुसते विरोधक म्हणणे ही दुसरी. आमच्या पिढीने युरोपातून आलेले शेजारी पाहिले आहेत, त्यांच्या हातावरचे आकडे पाहिले आहेत. हामानाचे नाव आले की सिनेगॉगमध्ये पाय आपटायचे ते आपटलेच पाहिजेत. आपले वाडवडील पुरीमला होळीचा सण म्हणत, आणि त्या दिवशी लहान मुलांनाही कळे की काही गोष्टींना वाईट म्हणावेच लागते. मात्र तल्मूदात हेही सांगितले आहे की हामानाच्या वंशातल्या माणसांनी पुढे बने ब्राक येथे तोरा शिकवली. दुष्टपणा रक्तातून उतरत नाही, ज्याने केला त्याच्यापाशीच त्याचा हिशोब राहतो.

आता थोडे आपल्याच घरातले बोलतो. आपल्या समाजाची एक गोष्ट आपण नातवंडांना सांगतो, आणि ती कशी सांगतो हे तपासायची वेळ आली आहे. 1962 साली मुख्य रब्बीनातने नियम काढले की बेने इस्राएल माणसाचे लग्न दुसऱ्या यहुद्याशी नोंदवताना त्याच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी. आपल्या लोकांना केवढे लागले ते वाचकांना नव्याने सांगायला नको. कोकणात तेलाचे घाणे चालवून शब्बाथ पाळणारे आपले पूर्वज, शनिवार तेली म्हणून ओळखले जाणारे, आणि त्यांच्या लेकरांना पुरावा मागितला. 1964 च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये धरणे धरले गेले. ऑगस्टमध्ये क्नेसेतमध्ये त्यावर खास चर्चा झाली, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे सरकारने सांगितले, आणि पुढे त्या नियमांतून आपले नाव काढले गेले.

ही गोष्ट सांगताना काही घरांत समोरच्या रब्बींना सरळ हामान म्हणतात. राग आम्ही समजू शकतो. पण गोष्ट नीट सांगायची तर त्यांचे म्हणणेही सांगायला हवे. कोकणात शतकानुशतके रब्बी नव्हते, मग गेट आणि हलित्सा हालाखाप्रमाणे झाले असतील का, ही त्यांची शंका होती. त्यांना वाटत होते की ते कायद्याचे रक्षण करीत आहेत. त्या शंकेमुळे आपल्या तरुण मुलामुलींना मान खाली घालावी लागली, हा अन्याय होता आणि अन्यायाला अन्याय म्हटलेच पाहिजे. मात्र त्यांनी आपला नाश इच्छिला नव्हता. ते आपले विरोधक होते, अमालेक नव्हते. हा फरक ठेवला म्हणूनच आज आपली नातवंडे त्यांच्या नातवंडांशी लग्न करतात आणि एकाच हुप्पाखाली दोन्हीकडचे आजोबा उभे राहतात. हामानाच्या घराशी सोयरीक झाली नसती. आपल्या वडीलधाऱ्यांनी धरणे धरले, मागे हटले नाहीत, आणि जिंकल्यावर त्याच सिनेगॉगमध्ये त्यांच्या शेजारी बसले. नातवंडांना आपण हा शेवटचा भाग सांगतो का? आम्हीही पुष्कळदा धरण्यापाशीच थांबलो आहोत.

घरातल्या घरातही हेच होते. जमिनीच्या तुकड्यावरून, लग्नातल्या मानपानावरून दोन भाऊ बोलेनासे होतात. मुले मोठी होतात ती काकांना दुष्ट समजूनच. बहुतेक वेळा काका फक्त वाटेत आडवे आलेले असतात. तुझ्या वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर त्याला हात दे, अशी तोराची आज्ञा आहे. वैरी आहे हे ती नाकारत नाही. वैर असू दे, पण गाढव उचल, एवढेच सांगते.

पोर्टलीशला त्या संध्याकाळी आम्ही नातीला उत्तर दिले नाही, दोन प्रश्न दिले. फर्दिया कोणाच्या वाटेत उभा होता? आणि त्याने दुबळ्यावर हात टाकला का? तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, तो वाटेत होता पण वाईट नव्हता, म्हणून कू खुलिन रडला. तिने वहीत फर्दियाचे नाव विरोधकाच्या बाजूला लिहिले आणि वरचा 'खलनायक' शब्द खोडून तिथे तिच्या भाषेत 'जो समोर उभा राहिला' असे लिहिले. मेव्हचे काय करायचे यावर मात्र जेवण होईपर्यंत आमचा वाद चालला. तिने फक्त बैल मागितला होता, असे नातीचे म्हणणे. भावाला भावावर घातले, हे आजीचे म्हणणे. तो वाद अजून मिटलेला नाही. वाचकांना यात काही सुचले तर जरूर कळवावे, आम्ही नातीला लिहून पाठवू.